काली पांचवीचे एक वर्ष : हल्फाया ते तोब्रुक

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या कामगिरीविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक तीन नावांभोवती फिरते. पहिले केरेन. एरिट्रियातल्या त्या डोंगरावर मार्च १९४१मध्ये तिसऱ्या पलटणीने चढाई केली. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही रणगर्जना त्याच लढाईत पहिल्यांदा उठली असे रेजिमेंटमध्ये सांगितले जाते. दुसरे नाव नाईक यशवंत घाडगे यांचे. त्यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात प्राण दिला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. तिसरे नाव शिपाई नामदेव जाधव यांचे. आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे हे जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले आणि जिवंत घरी आले.

ही तिन्ही नावे योग्यच आहेत. पण केरेनची कथा सांगतात ती तिसऱ्या पलटणीची, घाडगेही तिसऱ्याच पलटणीचे आणि जाधव पहिलीचे. मधली दुसरी पलटण कुठे होती? ती लिबियाच्या वाळवंटात होती. १५ जून १९४१ ते २० जून १९४२ या एक वर्ष पाच दिवसांत तिने तीन लढाया पाहिल्या. पहिलीत मार खाल्ला, दुसरीत रक्तबंबाळ झाली आणि तिसरीत जवळजवळ सगळी कैद झाली. तिच्या वाट्याला पुतळा नाही, पोवाडा नाही. हा लेख तिच्याविषयी आहे.

मी लासलगावला राहतो. पोटापाण्यासाठी कांद्याच्या अडतीवर हिशेब लिहितो. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली निघालेल्या भारतीय सैन्याच्या अधिकृत इतिहासाचा उत्तर आफ्रिकेवरचा खंड हाती आला आणि तिथून हा नाद लागला. नकाशे आधी पाहावेत आणि मजकूर मग वाचावा, ही सवयही त्याच खंडाने लावली.

सैन्यात या पलटणीला 'काली पांचवी' म्हणत. ती मुळात मुंबई लष्कराची पाचवी पलटण, अठराव्या शतकात उभी राहिलेली. गणवेशाच्या गळपट्टी-मनगटाची काळी किनार ही तिची खूण. १९२२च्या फेररचनेत तिचे नाव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण असे झाले. म्हणजे पलटण जुनी होती. माणसे मात्र जुनी नव्हती, आणि इथेच सगळ्या कथेची मेख आहे.

१९३९ साली हिंदी सैन्य दोन लाखांच्या आसपास होते. युद्ध संपले तेव्हा ते पंचवीस लाखांवर गेले होते. एवढा विस्तार करायला हवालदार, नाईक, सुभेदार आणायचे कुठून? ते जुन्या पलटणींतून उचलले गेले. प्रत्येक जुन्या पलटणीतून अनुभवी माणसे काढायची, त्यांच्याभोवती नवी पलटण उभी करायची आणि रिकाम्या जागी नवी पोरे भरायची. इंग्रजी लष्करी बोलीत या प्रकाराला चक्क 'दूध काढणे' म्हणत. गाय तीच दिसते, दूध मात्र दुसऱ्याच भांड्यात गेलेले असते.

ती नवी पोरे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, नगर आणि नाशिक या पट्ट्यातली. आमच्या भागातून बेळगावच्या केंद्रात जायचे तर मनमाडला गाडी बदलायची, दौंडमार्गे पुणे गाठायचे आणि तिथून पुढे त्या काळची मीटरगेज. उत्तरेला चांदवड आणि पूर्वेला येवला या कोरडवाहू पट्टीतल्या धाकट्या मुलाला महिना सोळा-अठरा रुपये रोख, वर कपडे आणि दोन वेळचे जेवण ही लहान गोष्ट नव्हती. बेळगावात पहिली परीक्षा भाषेची. हुकूम आणि शिकवणी चाले रोमन लिपीतल्या हिंदुस्तानीत. ज्याने शाळेत बाळबोध मराठी जेमतेम गिरवली, त्याने इंग्रजी अक्षरांतून उर्दू शिकायची! दुसरी परीक्षा पायांची. लाइट इन्फन्ट्रीची चाल मिनिटाला १४० पावलांची, इतर पायदळापेक्षा जलद. गंमत अशी की या जलद चालणाऱ्या माणसांना ज्या युद्धात नेले, तिथे पायी चालण्याला फारसा अर्थच नव्हता. सगळे युद्ध चाकांवर आणि साखळपट्ट्यांवर चालले होते.

वाळवंट म्हणताच आपल्यासमोर राजस्थानच्या वाळूच्या टेकड्या येतात. हल्फाया-तोब्रुककडची जमीन तशी नाही. ती सपाट, मुरमाड, खडकाळ आहे. वर वीतभर धूळ, खाली चुनखडीचा दगड. आमच्याकडे विहीर खणताना मुरूम संपून पाषाण लागला की सुरुंग लावतात. तिथे शिपायाला जीव वाचवायला दोन हात खोल खड्डा हवा असे, आणि कुदळ एका हातावर ठणकन वाजे. मग आजूबाजूचे दगड गोळा करून गुडघाभर भिंत रचायची आणि तिच्याआड पालथे पडायचे. तोफगोळा जवळ फुटला की त्याच भिंतीच्या कपच्या अंगात घुसत. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर पाणी. कधी त्याच्या निम्मे. पिणे, स्वयंपाक, दाढी आणि मोटारीचा रेडिएटर, सगळे त्यातच. झाड नाही, ओढा नाही, गावाचे देऊळ नाही. दिशा ओळखायची तर होकायंत्राने. गनिमी काव्याचे गोडवे आपण गातो, पण गनिमी काव्याला आडोसा लागतो. सह्याद्रीच्या पोरांना नेमका आडोसा नसलेल्या मुलखात सोडले होते.

हल्फाया हा इजिप्तच्या सीमेवरचा घाट. समुद्राला लागून अरुंद सपाटी आणि तिच्यावर सुमारे सहाशे फूट उंचीची कड. कड चढून पठारावर जायच्या मोजक्या वाटांपैकी ही एक. इंग्रज सोल्जरांनी नावाची मोडतोड करून तिला 'हेलफायर', नरकाग्नी, म्हटले. वर जर्मनांचे ठाणे होते आणि ठाण्याचा प्रमुख होता कॅप्टन विल्हेल्म बाख, युद्धापूर्वी चर्चमध्ये प्रवचने देणारा पाद्री. त्याने ८८ मिलिमीटरच्या तोफा जमिनीत इतक्या खोल पुरल्या होत्या की नळीचे तोंड तेवढे वर दिसावे. या तोफा मुळात विमाने पाडायच्या. पण त्यांचा गोळा मैलभरावरून रणगाडा फोडे, आणि ब्रिटिश मॅटिल्डा रणगाड्याची जी जाड कातडी इटालियनांना भारी पडली होती, ती या गोळ्यापुढे पातळ ठरली.

तोब्रुकचा वेढा फोडण्यासाठी वेव्हेलने आखलेल्या 'बॅटलअ‍ॅक्स' मोहिमेत १५ जूनला हल्फायावर दुहेरी हल्ला झाला. वरून पठारावरून कॅमेरॉन हायलँडर्स आणि मॅटिल्डा. खालून समुद्रकाठच्या सपाटीवरून दुसरी मराठा आणि सहाव्या राजपुताना रायफल्सची पहिली पलटण, सोबत सहा मॅटिल्डा. वरच्या बाजूला काय झाले ते प्रसिद्ध आहे. मदतीच्या तोफा मऊ वाळूत रुतल्या, रणगाडे त्यांच्याविना पुढे गेले आणि दडवलेल्या तोफांनी ते जवळपास सगळे जाळले. माझ्या रणगाड्यांच्या चिंध्या होत आहेत, अशा अर्थाचा निरोप स्क्वाड्रनच्या मेजरने बिनतारी यंत्रावरून पाठवला आणि यंत्र मुके झाले.

खालच्या बाजूविषयी पुस्तकांत दोन-तीन ओळी असतात. सहापैकी चार रणगाडे भूसुरुंगांवर गेले. मागच्या दोघांना वाट उरली नाही. आता नकाशा समोर ठेवून पाहा. उजवीकडे समुद्र, डावीकडे कड, समोर चढ, आणि चढाच्या डोक्यावर बसलेल्या शत्रूला प्रत्येक माणूस दिसतो आहे. पायदळाने रणगाड्यांच्या आडोशाने जायचे असे शिकवले होते. रणगाडेच वाटेत जळत उभे. तरी मराठे आणि राजपुताना त्या चढाला भिडले. मागे रेटले गेले. पुन्हा भिडले. दुसऱ्या दिवशीही प्रयत्न झाला. १७ जूनला सगळी मोहीमच गुंडाळावी लागली, ब्रिटिशांचे नव्वदांवर रणगाडे गेले आणि महिन्याभरात वेव्हेलचीही बदली झाली. हल्फाया पुढे पडला तो १७ जानेवारी १९४२ला. तोवर त्याला वेढा पडला होता. अन्नपाणी संपल्यावर बाखच्या लोकांनी शस्त्रे ठेवली.

म्हणजे जो घाट पुढे तहानेने घेतला, तो चढून घ्यायला या पोरांना पाठवले होते. त्यांनी तो घेतला नाही म्हणून त्यांचे नाव नाही. सेनापतींच्या हिशेबात हे बसत असेल. माझ्या हिशेबात बसत नाही.

दुसरी लढाई बीर-अल-गुबीची, डिसेंबर १९४१. तोब्रुकच्या दक्षिणेला सपाट वाळवंटात किंचित उंचवट्यांवर इटालियनांचे ठाणे होते. अकराव्या हिंदी ब्रिगेडने रात्रीची मजल मारून ४ डिसेंबरला पहाटे त्यावर हल्ला चढवला. कॅमेरॉन, मराठा आणि सोबत व्हॅलेंटाइन रणगाडे. समोरच्या खंदकांत होते 'जोव्हानी फाशिस्ती', म्हणजे मुसोलिनीच्या युवक संघटनेतून आलेले स्वयंसेवक. वय अठरा-वीस. त्यांची ती पहिलीच लढाई. इटालियन लढत नाहीत, हात वर करतात, अशी एक समजूत वर्षभरात ब्रिटिश गोटात पक्की झाली होती. या पोरांनी हात वर केले नाहीत. दिवसभर हल्ले झाले, ठाणे टिकले. दुसऱ्या दिवशीही टिकले. ५ तारखेच्या संध्याकाळी ब्रिगेडची पाळी बदलत असतानाच जर्मन रणगाडे येऊन धडकले आणि व्हायची ती हानी झाली. इतकी की ब्रिगेडला लढाईतून काढून फेरजुळणीसाठी मागे न्यावे लागले.

इटलीत गुबीच्या त्या पोरांची आठवण आजही मोठ्या अभिमानाने काढली जाते. फाशिस्टांचे गुणगान मला करायचे नाही. पण त्यांच्या समोर उघड्यावर पालथे पडलेले कोण होते, हा प्रश्न मराठी वाचकाने तरी विचारावा. सातारा-नाशिकच्या त्या पोरांना मुसोलिनी कोण हेही धड ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

फेरजुळणी म्हणजे पुन्हा नवी माणसे. हल्फायाला जे शिकले त्यांतले काही गुबीला गेले, गुबीला शिकले त्यांतले काही इस्पितळात, काही दुसऱ्या पलटणींना दूध पुरवायला. म्हणून १९४२च्या जूनमध्ये जी पलटण तोब्रुकच्या तटावर उभी होती, तिला कागदोपत्री आधीच्या लढायांचा अनुभव होता. तिच्यातल्या कितीतरी शिपायांची मात्र ती पहिलीच मोठी लढाई होती.

तोब्रुकचे काय झाले ते नीट सांगायला हवे, कारण दोष इथेच दिला जातो. १९४१मध्ये हे बंदर ऑस्ट्रेलियनांनी आणि नंतर इतरांनी आठ महिने लढवले. त्या वेढ्यात आपले १८ वे घोडदळही होते. वेढा उठल्यावर, फेब्रुवारी १९४२मध्ये, वरिष्ठांनी ठरवले की पुन्हा वेढ्यात अडकायचे नाही. मग तटाची देखभाल कोण करतो? रणगाडे अडवायचा चर जागोजाग वाळूने बुजला. भूसुरुंग काढून पश्चिमेकडे गझालाच्या फळीत नेऊन पुरले. जूनमध्ये गझाला कोसळले आणि लंडनहून दडपण आले, तोब्रुक हातचे जाऊ देऊ नका. मोजक्या दिवसांत विचार फिरला. सुमारे ५० किलोमीटरच्या घेरावर दोन दक्षिण आफ्रिकन ब्रिगेड आणि आपली अकरावी हिंदी ब्रिगेड पसरली. एकूण सूत्रे जनरल क्लॉपर यांच्याकडे. त्यांना डिव्हिजन हाती घेऊन जेमतेम महिना झालेला. विमानांची छत्री नाही, कारण विमानतळ मागे पडले होते. रणगाड्यांविरुद्धच्या तोफा थोड्या, त्यांतही बऱ्याच जुन्या दोन पौंडी.

हिंदी ब्रिगेडकडे आली ती पूर्वेची आणि आग्नेयेची बाजू. डावीकडे समुद्रापर्यंत सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण, उजवीकडे कॅमेरॉन आणि मधोमध दुसरी मराठा. रोमेलने नोव्हेंबर १९४१मध्येच तोब्रुकवर हल्ला बेतला होता, तो याच बाजूने. तेव्हा साठवून ठेवलेला दारूगोळा त्याच्या लोकांना सहा-सात महिन्यांनी जागच्या जागी सापडला. विमानतळ इतके जवळ होते की बॉम्ब टाकून विमान परतायचे, भरायचे आणि पुन्हा यायचे.

२० जूनला पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी स्टुका आले. दीडशेच्या आसपास विमाने, पाळीपाळीने, आणि सगळ्यांचा रोख आग्नेयेच्या त्या एका तुकड्यावर. धुळीचा पडदा उठला. तोफखाना सुरू झाला. धुळीच्या आडून जर्मन सुरुंगे पुढे सरकले, त्यांनी तारा कापल्या, उरलेसुरले भूसुरुंग काढले, चरावर पूल टाकले. एकमेकांपासून दूर असलेली मराठ्यांची ठाणी एकेक करून गिळली गेली. राखीव तुकडीने उलट हल्ला करून पाहिला, तो टिकला नाही. साडेआठच्या सुमाराला जर्मन रणगाडे चर ओलांडून आत येऊ लागले. मागे असलेला पंचविसावा फील्ड रेजिमेंट तोफखाना तोफांच्या तोंडाशी रणगाडे येईपर्यंत लढला. शहराकडून जो रणगाड्यांचा प्रतिहल्ला व्हायला हवा होता, तो उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी झाला. संध्याकाळी जर्मन बंदरात होते. २१ जूनच्या सकाळी क्लॉपर यांनी शरणागती दिली. सुमारे ३३ हजार कैद झाले, त्यांत अडीच हजारांच्या आसपास हिंदी. चर्चिल तेव्हा व्हाइट हाउसमध्ये होते. रूझवेल्टनी ती बातमीची चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी रोमेल फील्ड मार्शल झाला.

यानंतर जे लिहिले गेले त्यात 'भगदाड मराठ्यांच्या फळीत पडले' हे वाक्य या ना त्या रूपाने येते. वाक्य खरे आहे. पण भिंत जिथे फुटली तिथली वीट कच्ची होती, असे त्यावरून ठरत नाही. पहार तिथेच बसली होती. उजवीकडच्या कॅमेरॉननी आणि डावीकडच्या गुरख्यांनी शरणागतीच्या हुकमानंतरही झुंज चालू ठेवली, त्यांचे कौतुक होते आणि व्हायलाच हवे. त्यांच्यावर दीडशे विमाने आली नव्हती, एवढे मात्र कौतुक करताना जोडावे. बुजलेला चर मराठ्यांनी बुजवला नव्हता. सुरुंग त्यांनी काढून नेले नव्हते. लढवायचे की सोडायचे याचा घोळ कैरो आणि लंडनमध्ये झाला. आणि तरी पहिले दोन-अडीच तास उघड्या जमिनीवर त्या भडिमाराखाली जे बसून राहिले, त्यांतल्या अनेकांनी वर्षापूर्वी बंदूक हातातही धरली नसेल. एखादी तरबेज पलटण तिथे जास्त टिकली असती का? तासभर कदाचित टिकली असती. तोब्रुक वाचले नसते.

कैदेची कथा स्वतंत्र लेखाची आहे, इथे थोडक्यात सांगतो. तोब्रुकचे कैदी डेर्ना, बेनगाझीच्या तळांवर तहानेने हाल सोसून जहाजांतून इटलीला नेले गेले. ही जहाजे बुडवायला ब्रिटिश पाणबुड्या टपलेल्या. १७ ऑगस्ट १९४२ला 'निनो बिक्सिओ' या जहाजावर पाणतीर बसले आणि तीनशेहून अधिक कैदी मेले. ९ ऑक्टोबरला पालेर्मोजवळ 'लोरेतो' बुडाले. त्यावर साडेतीनशेहून अधिक हिंदी कैदी होते. सव्वाशेच्या आसपास गेले. ज्या राजासाठी लढले त्याच्याच पाणतीराने. जे पोहोचले त्यांतले बरेच आवेझ्झानोच्या छावणीत राहिले, आब्रुझ्झीच्या डोंगरात. वाळवंटातून थेट बर्फात.

त्या छावण्यांतून सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या आझाद हिंद सेनेसाठीही माणसे निवडली जात. बर्लिनमध्ये नेताजींसोबत काम केलेल्या गणपुले यांनी त्या सेनेविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. काही गेले, बहुसंख्य गेले नाहीत. इकडे देशात ८ ऑगस्टला 'चले जाव'चा ठराव झाला होता. गेलेल्याला देशद्रोही आणि न गेलेल्याला इंग्रजांचा चाकर ठरवणे आज सोपे आहे. काटेरी तारेआड, गावाकडचे पत्र सहा-सहा महिने न आलेल्या तेवीस वर्षांच्या माणसाला ते तितके सोपे नव्हते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या हिंदी शिपायांची नावे बसऱ्याच्या स्मारकावर कोरलीच नव्हती. अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांचा फक्त आकडा, असा तिथला रिवाज. त्या मोहिमेत मराठ्यांच्या अनेक पलटणी खपल्या. घरच्यांना आकडा मिळाला. दुसऱ्या महायुद्धाने एवढी सुधारणा केली की नावे लिहिली. एल अलामेनच्या स्मारकावर, ज्यांची कबर नाही अशा साडेआठ हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत, त्यांत आपली माणसे आहेत. ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला अशा सहाशेहून अधिक हिंदी सैनिकांचा वेगळा दहनस्तंभ तिथे आहे. हल्फायाच्या पायथ्याशी सोलूमला दोन हजारांहून अधिक कबरींचे दफनस्थान आहे.

या नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. शिपायाचे नाव, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, आणि जिथे कारकुनाने तसदी घेतली तिथे बापाचे नाव आणि गाव. नावे इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. 'ळ' नाही, 'ण' नाही, आडनाव कधी आहे कधी नाही. गावाचे नाव ओळखायचे तर तालुक्यातली गावे तोंडपाठ हवीत, आणि ती आडत्याकडच्या हिशेबनिसाला असतातच, कारण कोणत्या गावाची गाडी आली हे पावतीवर लिहावे लागते. त्यामुळे मी ती यादी पावतीसारखी वाचतो. पलटणीच्या रकान्यात पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, तारखेच्या रकान्यात जून १९४१ किंवा जून १९४२, आणि जिल्ह्याच्या रकान्यात, इंग्रजांच्या जुन्या स्पेलिंगने, नासिक.